टेक्नोचे मिक्सिंग आणि स्वतःचा साउंड: सांगली-मिरजेत घरी काम करणाऱ्यांसाठी

टेक्नो म्हणजे यंत्रांवर घडवलेले नाचाचे संगीत, आणि त्यात सामग्री थोडी असते. एक किक (ढोलासारखा जड ठोका), तिच्या खालचा बेस, दोन-तीन हॅट (झांजेसारखे बारीक ठोके), सिंथचा (सिंथेसायझरचा) एखादा तुकडा आणि या सगळ्यांभोवतीची पोकळी, एवढ्याच भांडवलावर ऐकणाऱ्याला सात-आठ मिनिटे धरून ठेवायचे असते. गाण्यात चाल आणि शब्द असतात, त्यामुळे मिक्समधला एखादा दोष त्यांच्या आड लपून जातो. इथे तशी सोय नाही. किकची शेपटी किती लांब ठेवली, हॅटचा फेडर (पातळीची सरकपट्टी) कुठे थांबवला, रिव्हर्बचा, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याचा, खालचा भाग कुठे कापला, हे निर्णय म्हणजेच या संगीतातली रचना होय. म्हणून आधी ट्रॅक पूर्ण करायचा, मग त्याचे मिक्सिंग करायचे (सगळे आवाज प्रमाणात बसवायचे) आणि स्वतःचा साउंड पुढे कधीतरी आपोआप सापडेल असे मानायचे, हा क्रम टेक्नोला लागू पडत नाही असे माझे ठाम मत आहे. मिक्सिंग शिकणे आणि स्वतःचा साउंड घडवणे हे एकच काम आहे आणि ते सांगलीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही नीट करता येते. मात्र ती खोली आपल्या कानांवर काय परिणाम करते आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

खोलीची ओळख

आपल्याकडची सर्वसाधारण खोली विटांच्या भिंतींची, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली फरशी असलेली असते. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जिची अर्धी लांबी नेमकी मावते अशी लहर ५६ हर्ट्झच्या आसपास येते, आणि ती खोलीत घुमते. टेक्नोच्या किकचा पाया बहुतेक वेळा ४५ ते ६० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे जो स्वर सर्वांत काळजीपूर्वक ऐकायला हवा, त्याच स्वराबद्दल ही खोली सर्वांत जास्त फसवते. खोली चौरस असेल आणि स्लॅबची उंचीही दहा फूट असेल, तर तिन्ही दिशांचा घुमारा एकाच जागी जमा होतो. या लहरीचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ शून्य असतो. मध्यभागी खुर्ची मांडून बसलेल्या माणसाला किक पोकळ वाटते, तो ती वाढवत नेतो, आणि तोच ट्रॅक मोटारीत लावला की दारांचे पत्रे थरथरू लागतात.

हे तपासण्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. सॉफ्टवेअरमधल्या साध्या सिंथवर साइन लहर (एकाच स्वराची शुद्ध लहर) घ्यावी, पातळी न बदलता ४० ते १२० हर्ट्झपर्यंत एकेक स्वर वाजवावा आणि कोणता स्वर अचानक फुगतो, कोणता नाहीसा होतो, ते वहीत लिहावे. मग खुर्ची अर्धा-अर्धा फूट पुढेमागे सरकवून हेच पुन्हा करावे. सुरुवातीची जागा म्हणून समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतर, म्हणजे दहा फुटांच्या खोलीत पावणेचार फुटांच्या थोडे पुढे, डोके येईल असे बसावे. दोन्ही स्पीकर आणि डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि बाजूच्या भिंती दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर असाव्यात.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो; तो मनावर घेऊ नये. ट्रे किंवा पातळ गोधडी यांनी टाळीचा खणखणीत प्रतिध्वनी थोडा कमी होतो, परंतु ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरांहून अधिक असल्यामुळे तिला असल्या पातळ थराची दखलही घ्यावी लागत नाही. कापसाच्या जाड गाद्या गुंडाळून कोपऱ्यांमध्ये जमिनीपासून वरपर्यंत रचल्या तर काही प्रमाणात उपयोग होतो. तरीही किक आणि बेस यांच्याविषयीचा अंतिम निर्णय चांगल्या हेडफोनवर घ्यावा, तर डावे-उजवे आणि रिव्हर्बचे प्रमाण यांचा निर्णय स्पीकरवर घ्यावा, कारण हेडफोनमध्ये दोन्ही कान वेगळे पडल्यामुळे रुंदी प्रत्यक्षापेक्षा जास्त भासते.

ऐकण्याची पातळी एकच ठरवून स्पीकरच्या नॉबवर खूण करून ठेवावी. मोठ्या आवाजात आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे स्वर अधिक भरीव वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. पातळी सतत बदलत राहिली तर काल बरोबर वाटलेली किक आज चुकीची वाटते आणि दोष मात्र प्लगइनला (सॉफ्टवेअरला जोडलेल्या साधनाला) दिला जातो. शेजारच्या खोलीतल्या माणसाशी थोडा आवाज चढवून बोलता येईल इतकी पातळी रोजच्या कामाला पुरेशी आहे.

किक आणि तिच्या खालची जमीन

रोलंड या जपानी कंपनीचे टीआर-९०९ हे ड्रमचे यंत्र १९८३ साली आले. त्यातली किक कोणाचे ध्वनिमुद्रण नाही, ती विद्युत मंडलातून जागच्या जागी तयार होते; हॅट आणि सिंबल मात्र मुद्रित केलेले नमुने आहेत. हे लक्षात ठेवले की किक घडवण्याचा मार्ग स्पष्ट होतो. सुरुवातीला काहीशे हर्ट्झवर असलेली लहर काही मिलिसेकंदांत ५० हर्ट्झच्या आसपास घसरते, आणि या घसरण्याच्या वेगावर किकचा स्वभाव ठरतो. घसरण जलद असेल तर ठोका कडक येतो, आणि सावकाश असेल तर तो गोल व जड वाटतो. वरचा २ ते ५ किलोहर्ट्झमधला टकटकीत भाग छोट्या स्पीकरवर किक ओळखू येण्यासाठी हवा असतो, तर १०० ते २०० हर्ट्झमधला भाग तिला अंग देतो. तयार सॅम्पल (मुद्रित आवाज) घेऊन त्यावर पाच ईक्यू (स्वरांचे पट्टे कमी-जास्त करणारी साधने) चढवण्यापेक्षा सर्जसारख्या मोफत सिंथवर ही किक स्वतः बांधावी. त्यातून जे शिकायला मिळते ते ईक्यूच्या शंभर धड्यांतून मिळत नाही.

किकची लांबी वेगाशी जोडलेली असते. १३२ बीपीएमला (मिनिटाला १३२ ठोके) एक ठोका ४५४ मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग सुमारे ११४ मिलिसेकंदांचा होतो. बेसचा पहिला स्वर किकनंतर दुसऱ्या चौथाईवर येणार असेल, तर किकची शेपटी तोवर बऱ्याच अंशी ओसरलेली असली पाहिजे; तसे झाले नाही तर दोघांची खालच्या भागात धडक होते, आणि ती कोणत्याही कम्प्रेसरने (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाने) पूर्ण सुटत नाही. आधी लांबी ठरवावी, मग स्वर, मग पातळी आणि ईक्यू अगदी शेवटी.

आता टेक्नोच्या मिक्सिंगमधल्या ज्या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, त्या रम्बलकडे, म्हणजे किकच्या मागे घुमणाऱ्या खालच्या गुरगुरीकडे, वळू. किक एका वेगळ्या बसवर (मिक्सरमधल्या वेगळ्या मार्गावर) पाठवावी आणि तिथे एक ते दोन सेकंद टिकणारा रिव्हर्ब पूर्ण ओला (मूळ आवाज न मिसळता) ठेवून लावावा. त्याच्यामागे सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारे साधन) लावले की लांबलेल्या शेपटीला दाणेदारपणा येतो. त्यानंतर १०० ते १५० हर्ट्झच्या वरचे सगळे लो-पास फिल्टरने काढावे, ३० हर्ट्झच्या खालचे हाय-पासने काढावे, आणि उरलेला आवाज मोनो (डावी-उजवीकडे सारखाच) करावा. शेवटी किककडून साइडचेन घेतलेला (किकच्या इशाऱ्यावर चालणारा) कम्प्रेसर असा लावावा की किक वाजताना रम्बल पूर्ण दबेल आणि लगेच पुन्हा उसळी घेईल. त्याचा रिलीज (दाब सुटण्याचा वेळ) १५० ते २५० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने जुळवावा. पुढची किक येण्याआधी रम्बल पूर्ण उंचीला पोहोचलेला असला की चालीत ओढ निर्माण होते. हा क्रम बदलून पाहण्यासारखा आहे. सॅच्युरेशन रिव्हर्बच्या आधी ठेवले तर रम्बल मऊ होतो, फिल्टरच्या नंतर ठेवले तर तो पुन्हा वर पसरतो, आणि रिव्हर्बऐवजी एक चौथाईचा डिले (आवाज ठरावीक अंतराने पुन्हा ऐकवणारे साधन) वापरला तर त्याला स्पष्ट ठोके मिळतात. या तीनपैकी आपल्याला कोणता आवडतो आणि तोच पुन्हा पुन्हा का निवडावासा वाटतो, याची नोंद ठेवणाऱ्याचा साउंड इथूनच घडू लागतो.

किक आणि रम्बल एकत्र वाजवून एकाची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून पाहावी; ज्या स्थितीत खालचा भाग अधिक भरीव येतो ती ठेवावी. साधारण १२० हर्ट्झच्या खालचे सारे मोनोच असावे, कारण मोठ्या सिस्टिममध्ये सब (खालच्या स्वरांचे स्पीकर) बहुधा मोनो चालतात आणि डाव्या-उजव्यांतला खालचा फरक तिथे एकमेकांना खाऊन टाकतो.

पातळीविषयी थोडक्यात सांगतो. किकचे शिखर डिजिटल मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवून बाकी सगळे तिच्याभोवती बसवावे, म्हणजे मास्टरवर (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या मार्गावर) उणे ६ पर्यंत मोकळी जागा उरते. मास्टरवर लिमिटर (शिखर रोखणारे साधन) लावून मिक्स करू नये.

हॅट, पोकळी आणि वजाबाकी

हॅटबाबत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. ६ ते १० किलोहर्ट्झमधला तीक्ष्णपणा दोन मिनिटांत जाणवत नाही, सातव्या मिनिटाला मात्र त्रास देऊ लागतो, म्हणून हॅटची पातळी ठरवताना संपूर्ण ट्रॅक न थांबवता ऐकावा. प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा वेगळा ठेवावा आणि काही ठोके दोन-चार मिलिसेकंद मागे सरकवावेत.

पोकळीचा विचार अधिक खोलवर करावा लागतो. बर्लिनमध्ये मॉरिट्झ फॉन ओसवाल्ड आणि मार्क एर्नेस्टस यांनी १९९३ पासून बेसिक चॅनल या नावाने जे काम केले, त्यात एक छोटा मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) फिल्टर, डिले आणि रिव्हर्ब यांतून फिरत राहतो आणि ते फिरणे हेच संगीत ठरते. तिथे रिव्हर्ब ही सजावट राहत नाही, तो स्वतंत्र वाद्यासारखा वागतो. हे करून पाहण्यासाठी एकच कॉर्ड १०० मिलिसेकंदांपुरता वाजवावा, तो तीन चौथाईच्या डिलेवर पाठवावा (१३० बीपीएमला हे अंतर ३४६ मिलिसेकंदांचे होते), डिलेच्या परतीवर २५० हर्ट्झच्या खालचे कापावे, आणि मग फीडबॅक (आवाज किती वेळा परत येतो ते ठरवणारा) व फिल्टर हे दोन नॉब हाताने फिरवत दहा मिनिटे रेकॉर्डिंग करावे. माउसने रेषा आखलेल्या ऑटोमेशनपेक्षा हाताने केलेल्या फेरफारात माणसाचा श्वास राहतो. त्या दहा मिनिटांतले चांगले भाग कापून ठेवले की निम्मा ट्रॅक तयार असतो.

मांडणीत भर घालण्याआधी काढून पाहावे. १३० बीपीएमला ३२ बार (एका बारमध्ये चार ठोके) म्हणजे जवळजवळ एक मिनिट. एवढ्या काळात एक गोष्ट आली आणि एक गेली तरी ऐकणाऱ्याला बदल जाणवतो. एकाच वेळी आठ आवाज चालू असताना मिक्स जमत नसेल, तर एकेक बंद करून पाहावे. ज्याच्या जाण्याने काहीच बिघडत नाही, ते परत आणू नये.

संदर्भासाठी आवडते ट्रॅक जवळ ठेवावेत, पण ते मास्टर झालेले (प्रसिद्धीसाठी अंतिम पातळीवर आणलेले) असल्यामुळे मोठे वाजतात. त्यांची पातळी सहा-आठ डेसिबल खाली आणून आपल्या मिक्सच्या बरोबरीने ऐकावे. त्यांच्याकडून प्रमाण शिकावे, म्हणजे किकच्या तुलनेत हॅट किती वर आहे, खालचा भाग किती बार गायब राहतो, हे शिकावे. त्यांचा सिंथचा आवाज हुबेहूब बनवण्यात महिने घालवू नयेत.

आपल्या आवाजांकडे

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी ऐंशीच्या दशकात टेक्नोचे जे संगीत उभे केले, ते त्यांच्या हाताशी आलेल्या यंत्रांतून आणि त्यांच्या औद्योगिक शहराच्या अनुभवातून आले. रोलंडचे टीबी-३०३ हे बेससाठी काढलेले यंत्र बाजारात चालले नाही, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले, आणि शिकागोतल्या तरुणांनी त्यातून ॲसिड नावाच्या संगीतप्रकाराचा साउंड काढला. त्याही आधी, १९८२ साली, वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत त्याच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या ड्रमच्या यंत्रावर राग वाजवून ध्वनिमुद्रण केले होते. जवळ जे आहे ते पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, हा या तिन्ही ठिकाणचा समान धागा मला दिसतो.

सांगली-मिरजेत राहणाऱ्याच्या जवळ पुष्कळ आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिथे जवारी काढणाऱ्या (घोडी घासून तारेचा झंकार जुळवणाऱ्या) कारागिराच्या शेजारी तासभर बसता आले तर सॅच्युरेशन आणि हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) यांविषयी पुस्तकांतून जे कळत नाही ते कानाला कळते. घोडीच्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला तार घासून कंप पावते, त्यामुळे वरचे हार्मोनिक उमलतात आणि टिकून राहतात. तारेखालचा दोरा थोडा सरकवला की तोच स्वर बंद किंवा उघडा होतो. कारागिरांची रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या वेळेचा मोबदला देऊन, एकाच तारेवर दोरा सावकाश सरकवत असतानाचे ध्वनिमुद्रण करावे. सिंथच्या फिल्टर स्वीपच्या (फिल्टर सावकाश फिरवत नेण्याच्या) जागी ते वापरता येते, आणि असा स्वीप कोणत्याही सॅम्पल पॅकमध्ये मिळत नाही. चारही तारांची आवर्तने घेतली तर तंबोऱ्याची स्वतःची लय किकच्या लयीशी भांडते, म्हणून तारा सुट्या घ्याव्यात आणि मिक्समध्ये १२० ते १५० हर्ट्झच्या खालचे कापावे.

स्वर जुळवण्याचा प्रश्न इथे लगेच उभा राहतो. तंबोरा काळी एकला लावलेला असेल तर किक त्याच षड्जावर आणणे अवघड जाते, कारण तो षड्ज खाली ३४.६ हर्ट्झवर येतो आणि बहुतेक सिस्टिम तिथे पोहोचतच नाहीत. वरच्या सप्तकातला ६९.३ हर्ट्झचा स्वर किकला हलका पडतो. अशा वेळी किक पंचमावर, म्हणजे काळी चारच्या ५१.९ हर्ट्झवर लावावी. ती नेमकी सोयीच्या पट्ट्यात बसते आणि तंबोऱ्याशी भांडत नाही.

सतारीचा एक गोड तुकडा सरळ किकवर ठेवला की आपला साउंड झाला, असे मात्र समजू नये. तो तुकडा पाहुण्यासारखा वेगळा उठून दिसतो. स्रोत ओळखू येईनासा होईपर्यंत त्यावर काम करावे: सप्तक खाली उतरवावे, उलटे वाजवावे, डिलेतून काढून पुन्हा रेकॉर्ड करावे, आणि त्या नव्या रेकॉर्डिंगवर हीच प्रक्रिया परत करावी.

विट्याच्या यंत्रमागांकडून मी आवाजापेक्षा लय घ्यायला सांगेन. मागाची खटखट सारखी वाटली तरी तिच्या ठोक्यांमध्ये सूक्ष्म असमानता असते, आणि एबल्टन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगमधून ग्रूव्ह (ठोक्यांमधली पुढेमागे होणारी चाल) काढून तो हॅटवर लावता येतो. शेडमध्ये आवाज फार मोठा असतो. कानात बोळे घालावेत आणि मोबाइलचा माइक फाटू नये म्हणून दारापाशी उभे राहून रेकॉर्डिंग करावे. हलगी विस्तवावर शेकून नुकतीच ताणलेली असताना तिचा ठोका सर्वांत टणक येतो. तिचे सुटे ठोके क्लॅपच्या जागी चांगले बसतात. आख्खी चाल उचलून लूप करणे टाळावे, कारण ती वाजवणाऱ्याची रचना आहे. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्हीमध्ये करावे, शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावे आणि फोनमधले आपोआप पातळी बदलणारे सेटिंग बंद करावे.

या सगळ्याला एक कुंपण घालावे. काही महिने एक सिंथ, एक डिले, एक रिव्हर्ब आणि स्वतः गोळा केलेल्या आवाजांचा एक फोल्डर, एवढ्यातच प्रत्येक ट्रॅक करावा. नवे प्लगइन आणले की नवा आवाज मिळतो, पण आपल्या निवडीचा धागा तुटतो. साधने तीच राहिली तर आपल्या सवयी आपल्यालाच दिसू लागतात आणि त्यांतल्या कोणत्या जपायच्या हे ठरवता येते.

खोलीबाहेरची चाचणी

ट्रॅक मोबाइलवर, मोटारीत आणि शक्य असेल तर मोठ्या सिस्टिमवर ऐकावा. आपल्या भागात टेक्नोचे क्लब शोधून सापडणार नाहीत, पण मिरवणुकांसाठी मोठमोठे सब बाळगणारे साउंडवाले गावोगाव आहेत, आणि हंगाम नसताना गोदामात दिवसा अर्धा तास ट्रॅक लावून पाहण्याची विनंती त्यांना करता येते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला नियमाने बंदी आहे, शिवाय शेजाऱ्यांचाही विचार करावा. स्पीकरच्या पुढ्यात उभे न राहता वीस-पंचवीस फुटांवरून ऐकावे, आणि सोबत एक संदर्भ ट्रॅक त्याच पातळीवर लावावा. किक आणि रम्बल वेगळे ओळखू येतात का, मोनोमध्ये सिंथ गायब होतो का, हॅट बोचते का, एवढ्या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. दुरुस्ती करताना मूळ आवाजाकडे परत जावे: हॅट बोचत असेल तर हॅटच्या फेडरला हात लावावा, मास्टरच्या ईक्यूला नाही, रम्बल किकला झाकत असेल तर आधी साइडचेनचा रिलीज तपासावा. दुरुस्त केलेली फाइल नव्या क्रमांकाने साठवावी आणि जुनी तशीच ठेवावी, म्हणजे पुढच्या खेपेला दोन्ही त्याच सिस्टिमवर लागोपाठ लावून तुलना करता येते.